गोळी देता, तर रक्तातलं शिसंही मोजा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आपल्या खात्याकडून गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला दोन गोळ्या, प्रत्येकीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत 250 एकक ड जीवनसत्त्व. चौदाव्या आठवड्यापासून त्या सुरू करायच्या आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चालू ठेवायच्या. आशाताई त्या घरापर्यंत नेऊन देतात, घेतल्या का म्हणून पुन्हा विचारायला जातात. ज्या बाईच्या जेवणात दूध-दही नावालाच असतं, तिला गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या धोक्यापासून वाचवायला या गोळ्यांचा उपयोग होतो. ही योजना अधिक नेमाने चालावी असंच मला वाटतं. पण गोळी गिळल्यानंतरचं सगळं काम आतड्याच्या ज्या पेशी करतात, त्यांच्यापर्यंत कॅल्शियमखेरीज आणखी काय पोचतंय, याची नियमित नोंद राज्यात ठेवली जात नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत आलो. आमच्या अभ्यासक्रमात कॅल्शियमचं शोषण पहिल्या वर्षी येतं आणि शिशाची विषबाधा पुढे न्यायवैद्यकशास्त्रात. मुलं दोन्ही पाठ करतात, दोन्ही प्रश्नांना गुण मिळवतात आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणी त्यांना सांगत नाही. सरकारात हीच विभागणी आणखी पसरलेली दिसते. कॅल्शियमची गोळी आपल्याकडे, हळदीतली भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासाकडे. प्रत्येक खातं आपापला कागद सांभाळतं. म्हणून मी थेट त्या पेशीपासून सुरुवात करतो, कारण तिथे हे सगळे विषय एकाच जागी येऊन भेटतात.

खाल्लेल्या कॅल्शियमचं नियंत्रित शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या, वीतभराहून थोड्या लांब भागात होतं. त्याला आद्यांत्र म्हणतात. जेवणात कॅल्शियम भरपूर असेल तर ते पुढच्या आतड्यात पेशींच्या मधल्या फटींतूनही रक्तात उतरतं. ते कमी असेल तेव्हा मात्र भिस्त आद्यांत्रातल्या पेशींवर येते. या पेशीच्या आतड्याकडच्या बाजूला टीआरपीव्ही6 नावाचं प्रथिन असतं. 1999 मध्ये उंदराच्या आद्यांत्रातून ते ओळखलं गेलं. त्याच्या मधल्या अरुंद मार्गातून कॅल्शियमचे आयन आत येतात. आत आल्याबरोबर त्यांना धरून ठेवावं लागतं, कारण पेशीला मोकळं कॅल्शियम सोसत नाही. रक्तात जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजारांश पेशीत असतं. ते जरा वाढलं की पेशी त्याला संदेश समजते आणि फार वाढून तसंच राहिलं तर पेशी मरते. म्हणून कॅल्बिंडिन नावाचं दुसरं प्रथिन हे आयन धरून पलीकडच्या बाजूला नेतं. कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात ड जीवनसत्त्वावर अवलंबून असणारं असं प्रथिन कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉसरमन आणि टेलर यांनी 1966 मध्ये दाखवलं होतं. शेवटी रक्ताकडच्या बाजूला बसलेला पंप ऊर्जा खर्च करून कॅल्शियम पेशीबाहेर, रक्तात ढकलतो. ही सगळी यंत्रणा ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाच्या हुकमाने कमी-जास्त होते आणि ते सक्रिय रूप मूत्रपिंडात तयार होतं.

शिसं आणि कॅडमियम या प्रवासात जागोजागी आडवे येतात. दोन्ही धातूंच्या आयनांवर कॅल्शियमइतकाच, दोन एककांचा धनभार असतो. कॅल्शियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे 1.00 अँगस्ट्रॉम, कॅडमियमची 0.95, शिशाची 1.19. प्रथिनाला भार आणि आकार यांखेरीज ओळख पटवायला फारसं काही नसतं. टीआरपीव्ही6 मधून कॅडमियम पेशीत शिरतं आणि कॅल्शियमचा प्रवेश अडवतं, हे 2011 मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसून आलं. कॅल्बिंडिन शिशाला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतं, हे वॉसरमन यांच्याच गटाने 1985 मध्ये दाखवलं होतं. शिशाने धरलेली जागा कॅल्शियमला मिळत नाही. पलीकडचा पंप तर कॅडमियमपुढे फारच हळवा आहे. 1980 च्या दशकात नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी माशांच्या कल्ल्यांतल्या याच जातीच्या पंपावर काम केलं, तेव्हा कॅडमियमचा अगदी सूक्ष्म अंशही त्याला रोखायला पुरला. पाऱ्याची रीत वेगळी आहे. तो प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो आणि पंपाची घडणच बिघडवतो. शेजारच्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनाने धरून असतात, त्या कॅडहेरिनलाही आपला आकार टिकवायला कॅल्शियम लागतं. कॅडमियमने तीही पकड सैल होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिला असता. पण खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. आहारात कॅल्शियम कमी पडलं की शरीर स्वस्थ बसत नाही. पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते, मूत्रपिंड ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप जास्त बनवतं आणि आतड्याची पेशी टीआरपीव्ही6 व कॅल्बिंडिन दोन्ही वाढवते, म्हणजे मिळेल तेवढं कॅल्शियम ओढून घेता यावं. भुकेजल्या माणसाने ताटात पडेल ते गोळा करावं तसं होतं. वाढवलेल्या त्या यंत्रणेतून जे काही कॅल्शियमसारखं दिसतं ते सगळंच जास्त आत येतं. सिक्स आणि गॉयर यांनी 1970 मध्ये उंदरांना शिसं दिलं. काहींच्या आहारात कॅल्शियम पुरेसं होतं, काहींच्या अपुरं. शिशाची मात्रा तीच असूनही अपुरं कॅल्शियम मिळालेल्या उंदरांच्या रक्तात आणि अवयवांत शिसं कितीतरी जास्त साठलं. तान्ह्या मुलांच्या अभ्यासांतही कॅल्शियम जितकं कमी, तितकं शिसं जास्त शोषलं जातं असं दिसलं. म्हणजे ज्या मुलाच्या ताटात दूध नाही, नाचणी नाही, तीळ नाही, त्याच मुलाचं आतडं धुळीतलं आणि हळदीतलं शिसं सर्वांत तत्परतेने आत घेतं. गरिबीचा हा दुहेरी मार त्या मुलाच्या पेशीतच घडतो. ही गोष्ट दरवर्षी वर्गात सांगताना मी अस्वस्थ झालो आहे.

लहान मुलांचं शरीर तसंही शिशाला फार उदार असतं. पोटात गेलेल्या शिशाचा निम्म्यापर्यंत भाग ते शोषून घेऊ शकतं. प्रौढ माणसातही रिकाम्या पोटी गेलेलं शिसं निम्म्याहून जास्त शोषलं जातं, तर भरल्या पोटी गेलेल्यातलं दहाव्या भागाहूनही कमी. सकाळी काही न खाता खेळायला बाहेर पडलेलं, मातीतले हात तोंडात घालणारं दोन-तीन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. पोटात अन्न असणं हाच त्या मुलाचा बचाव असतो. मग लोहाचंही तेच. लोह कमी पडलं की पेशी डीएमटी1 नावाचं आणखी एक प्रथिन वाढवते आणि त्यातून लोहाबरोबर कॅडमियमही आत येतं. लोह कमी असलेल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त असण्याची शक्यताही अधिक असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आपण हा आकडा पोषणाच्या बैठकांत पाहिला असेल. विषबाधेच्या बैठकीतही तो ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आहार आणि धातू यांची ताटातूट केली की काय होतं, याचा सर्वांत मोठा धडा जपानात आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिचं कॅडमियम नदीत उतरलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं आणि तांदळातून माणसांत. इताई-इताई या नावाने ओळखल्या गेलेल्या आजारात हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेसुद्धा बरगड्या मोडत. रुग्ण बहुतेक बाया होत्या, पाळी गेलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी बोट खाणीकडे दाखवलं तेव्हा समोरून उत्तर आलं की या बाया कुपोषित आहेत, त्यांना ड जीवनसत्त्व मिळालेलं नाही, त्यात खाणीचा काय दोष? वाद बरीच वर्षं चालला. शेवटी 8 मे 1968 रोजी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने जे जाहीर केलं, ते मला आजही सार्वजनिक आरोग्यातलं अत्यंत प्रामाणिक निवेदन वाटतं. कॅडमियमने आधी मूत्रपिंड आणि मग हाडं बिघडली, हे त्यात मान्य केलं होतं. गरोदरपण, स्तनपान, म्हातारपण आणि कॅल्शियमची कमतरता यांनी त्याला वाट करून दिली, हेही त्यातच होतं. कुपोषण होतं म्हणून खाण सुटली नाही. 1971 मध्ये न्यायालयाने पीडितांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी अपिलातही तोच कायम राहिला. कुपोषण की प्रदूषण, असा प्रश्न आपल्या राज्यात कधी कोणी उभा केला, तर ते निवेदन काढून समोर ठेवावं.

इताई-इताईत मूत्रपिंड बिघडल्यामुळे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनणं कमी झालं, आणि ते कमी झालं की आतड्याची पेशी कॅल्शियम घेणं कमी करते. शिसंही याच ठिकाणी हात घालतं. रक्तात शिसं जास्त असलेल्या मुलांत ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कमी असतं, हे 1980 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. वरून दिलेलं कॅल्शियम अशा मुलाला पूर्ण लागेलच असं समजून चालता येत नाही.

गरोदर बाईची गोष्ट आणखी नाजूक आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होऊ शकतं, पण हाडांत बसलेलं शिसं दशकानुदशकं राहतं. पोटातल्या बाळाला आणि पुढे दुधाला कॅल्शियम पुरवताना आईचं हाड झिजतं, तेव्हा लहानपणी साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या देशांतून आलेल्या बायांच्या रक्तातल्या शिशाची समस्थानिकं, म्हणजे शिसं कुठलं याची खूण देणारी त्याची रूपं, तपासली. बाई ऑस्ट्रेलियात, पण गरोदरपणात रक्तात वाढलेलं शिसं तिच्या मायदेशातलं! आणि बाळापर्यंत कॅल्शियम पोचवणाऱ्या वारेतही टीआरपीव्ही6 मुबलक असतं.

इथे आपल्या गोळीचं मोल वाढतं. मेक्सिको शहरात गरोदर बायांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन केलेल्या चाचणीचा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातलं शिसं सरासरी 11 टक्क्यांनी कमी राहिलं आणि ज्या बायांनी गोळ्या नेमाने घेतल्या त्यांच्यात 24 टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच धोरण म्हणून लिहून दिलं. दहा वर्षांपर्यंतचं मूल किंवा गरोदर बाई यांच्या रक्तात शिसं डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम वा अधिक असेल आणि आहारात कॅल्शियम किंवा लोह कमी असेल, तर ते द्यावं. त्याआधी आणि त्याबरोबर, शिसं कुठून येतं ते शोधून तो स्रोत बंद करावा.

कॅल्शियम हा शिशावरचा उतारा आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अमेरिकेत आधीच पुरेसं कॅल्शियम मिळत असलेल्या मुलांना जास्तीचं देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातल्या शिशात फरक पडला नाही. कमतरता भरून काढण्यापुरताच त्याचा गुण आहे. घरात शिसं येत राहिलं तर गोळी एकटी काही करू शकत नाही. म्हणून सगळा मुद्दा मोजण्यावर येऊन थांबतो. कोणाच्या रक्तात 5 च्या वर शिसं आहे हे ठाऊकच नसेल, तर ती सूचना लागू कोणाला करायची?

आपण एकदा मोजलं होतं. 1998-99 च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं गेलं. ते सर्वेक्षण ज्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालं, ती मुंबईतच, देवनारला आहे. त्यानंतर 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. तो फार मोठा निर्णय होता. 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी खाली आली. पण सर्वेक्षणाच्या पुढच्या तीन फेऱ्यांत शिसं मोजलं गेलं नाही. या निर्णयांनंतर मुंबईतल्या मुलांच्या रक्तातलं शिसं किती उतरलं, हे त्याच सर्वेक्षणातून कळू शकलं असतं. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी अंदाज बांधला की भारतातल्या 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिसं 5 च्या वर असावं. तो अंदाज आहे, प्रत्यक्ष तपासणी नव्हे. पण त्याच्यावर आक्षेप घ्यायचा तरी आपल्याकडे आपले आकडे हवेत.

यासाठी नवं खातं लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जाऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब पाहतात. शिसं या चारांपैकी दोघांत तरी हमखास बसतं. ते कॅल्शियम-लोहाच्या कमतरतेशी जोडलेलं आहे आणि मुलाचं बोलणं, शिकणं, लक्ष लागणं मागे ठेवतं. ज्या बोटातून हिमोग्लोबिनसाठी रक्ताचा थेंब घेतला जातो, त्याच बोटातून आणखी एक-दोन थेंब घेऊन लहान यंत्रावर शिशाची प्राथमिक तपासणी करता येते. बोट नीट धुतलेलं नसेल तर त्वचेवरच्या धुळीने आकडा फुगतो, म्हणून जास्त आलेल्या मुलाची शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी लागेल. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांना उपकरणं आणि माणसं द्या. सगळ्या राज्यात एकदम नको. जिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात अशा वस्त्या आधी घ्या आणि त्यांच्यासोबत कुठलाही संशय नसलेली गावं चिठ्ठ्या टाकून निवडा. संशय नसलेल्या गावांचा आकडा हाच बहुतेक वेळा जास्त शिकवतो.

कारखान्यातल्या कामगाराला शिशाची बाधा झाली तर ती कळवणं 1948 च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केलं. तोच कामगार धुळीने माखलेले कपडे घालून घरी येतो आणि त्याच्या मुलाला बाधा होते, ती कळवायला मात्र रकाना नाही. तो रकाना आपण एका आदेशाने उघडू शकता.

शिशाच्या इतर वाटा घरातच आहेत. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी यावी म्हणून पिवळं लेड क्रोमेट चोळलं जाई. 1980 च्या दशकातल्या एका पुरात हळद काळवंडली, तेव्हापासून ही रीत पडली म्हणतात. गरोदर बायांच्या रक्तातलं शिसं याच रंगातून आल्याचं संशोधकांनी समस्थानिकांवरून ओळखलं. 2019 मध्ये तिथल्या सरकारने बाजारांत धाडी घातल्या, दंड केला, लोकांना सांगितलं. लेड क्रोमेट असलेल्या हळदीचे नमुने 47 टक्के होते, ते 2021 पर्यंत शून्यावर आले. आपल्या शेजारचा देश दोन वर्षांत हे करू शकला. सांगलीची हळद देशभर जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या शेतकऱ्याचं नाव राखायचं तर अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या हळदीच्या शिशाचे अहवाल ठरावीक काळाने, जिल्हावार, लोकांसमोर ठेवले पाहिजेत. 2015 च्या उन्हाळ्यात नूडल्समधल्या शिशावरून देश ढवळून निघाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा लोकांना शिसं कळलं, काळजी वाटली. ती काळजी रोजच्या फोडणीतल्या चिमूटभर हळदीपर्यंत पोचली नाही.

पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कथील शुद्ध वापरलं की शिसं मिसळलेलं, हे ताक आणि चिंचेचं सार त्या भांड्यात ठेवणाऱ्या बाईला कळत नाही. औषधांचंही तसंच. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं 2004 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आणि मिश्री. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. आपल्या खेड्यांत कितीतरी बाया, गरोदरपणातसुद्धा, दिवसातून अनेकदा मिश्री लावतात, त्यातली काही गिळली जाते. त्याच तोंडाने त्या आपली कॅल्शियमची गोळी घेतात. आशाताईच्या बोलण्यात मिश्रीचा विषय कर्करोगापुरता येतो, तो हाडांपर्यंत यायला हवा.

गोळीबद्दलही एक बोलायचं आहे. हाडांच्या भुकटीपासून किंवा शिंपल्यांपासून केलेल्या कॅल्शियममध्ये शिसं सापडल्याचे दाखले अमेरिकेतल्या 1980 आणि 1990 च्या दशकांत आहेत. हाडात आणि शिंपल्यात कॅल्शियमच्या जागी शिसं जाऊन बसतं, तेव्हा त्यात नवल नाही. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या निविदेत कॅल्शियमच्या प्रत्येक घाण्याचा शिशाचा तपासणी अहवाल सक्तीचा करा आणि तो संकेतस्थळावर ठेवा. ज्या गोळीने शिसं अडवायचं, तिच्यातूनच ते जाता कामा नये.

कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नाही, कारण एकीचं शोषण दुसरीला अडवतं. हे आपल्या सूचनांत लिहिलेलं आहेच. प्रत्यक्षात दोन्ही पाकिटं एकत्र हातात पडतात आणि एकत्रच गिळली जातात. सांगणाऱ्या ताईला बसून बोलायला वेळ मिळेल इतकी माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हवीत. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या कितीतरी पट. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेसारख्या ठिकाणी हे पदार्थ आणखी जागा घेऊ शकतात. मुलाला सकाळी काहीतरी खाऊ घालूनच बाहेर सोडा, हे वाक्य मी स्वतः शिशावरचा सल्ला म्हणून लिहून देईन.

आपण विचाराल, तपासणीत आकडे मोठे निघाले तर? निघतील. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये आपली संदर्भमर्यादा 5 वरून 3.5 वर आणली आणि मुलाच्या मेंदूला सुरक्षित असं शिशाचं प्रमाण कुठलंच सापडलेलं नाही. मोठा आकडा जाहीर करणाऱ्या मंत्र्यावर टीका होईल, हे मला समजतं. तरीही पहिल्या फेरीचे आकडे तालुक्याच्या नावासह प्रसिद्ध करावेत आणि आदेश काढताना त्यात एक ओळ आवर्जून घालावी : रक्तात 5 वा अधिक शिसं निघालेल्या मुलाच्या घरी किती दिवसांत, कोणत्या पदावरच्या माणसाने जायचं आणि हळद, भांडी, रंग, माती व घरच्यांचा कामधंदा यांची तपासणी करून तिचा अहवाल कोणाकडे द्यायचा.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक